दोनातोच्या अंगणातलं हसू

१९८६ साली मी बावन्न वर्षांचा होतो. त्या वयात माणूस निवळतो, त्याला कुणाचा हेवा वाटत नाही, असं शिकलेली माणसं सांगतात. सांगोत बापडी. मी चौथी पास. मला त्या साली ऑगस्टच्या अखेरीला असा हेवा वाटला की घास गिळताना तो मध्ये यायचा. हेवा पैशाचा नव्हता, की घराचाही नव्हता. माझी बायको शेजारच्या इटालियन माणसाच्या, दोनातोच्या, गोष्टींना हसायची, त्या हसण्याचा होता.

काल सुनीताने, म्हणजे आमच्या मुलीने, लंडनकडच्या इल्फर्डच्या बाजारातून लांबट टोमॅटोची पेटी आणली. आता आम्ही दोघं तिच्याकडेच असतो. पेटी उघडली आणि देठाचा तो हिरवा, जरा कडवट वास खोलीभर झाला. इंदू, माझी बायको, स्वयंपाकघरातून हात पुसत आली, पेटीवर वाकली, आणि हसली. का हसली ते मला पक्कं ठाऊक आहे. दोनातो त्याच्या गावाला परत जाऊन किती वर्षं झाली, तरी टोमॅटोचा वास आला की ही त्याच्या अंगणात जाऊन बसते. मी इल्फर्डला सोफ्यावर, आणि ती तिकडं मँचेस्टरला.

"बाबा, तुम्ही अजून जेलस आहे," सुनीता म्हणाली. तिचा जन्म इथलाच, मराठी असंच मोडकं. पण बोलली ते खरं.

"आहे," मी म्हटलं. "मग?"

मँचेस्टरला आमची घरं एकाला एक चिकटून होती. सगळी लाल विटांची, सगळी सारखी. मागं प्रत्येकाला एक चिंचोळं अंगण, त्याला इथं यार्ड म्हणतात, आणि दोन रांगांच्या मधून जाणारी गल्ली. आमच्या मागच्या दारासमोर दोनातोचं मागचं दार. मी आधी कापडाच्या गिरणीत होतो. गिरणी बंद पडली, मग हॉस्पिटलच्या किचनमध्ये लागलो. दोनातो तिथं माझ्या आधीपासून. दोघं एकाच सिंकवर उभे राहून मोठाली पातेली घासायचो. तो इटलीच्या दक्षिणेकडचा, डोंगरातला. मी सातारा भागातला, डोंगरातलाच. त्याच्या गावातही बकऱ्या, कुळीथासारखं काहीतरी पिकवणारी कातळाची जमीन, आणि पाणी दूरवर. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. तो वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

ऑगस्ट संपत आला की इंग्रज लोक बँक हॉलिडेला समुद्रावर जायचे आणि दोनातो टोमॅटोच्या पेट्या आणायचा. इंग्लंडचा टोमॅटो त्याच्या लेखी टोमॅटोच नव्हता, लाल रंगाचं पाणी होतं. घाऊक बाजारातून त्याच्या मुलखाकडचा माल यायचा. वर्षभर पुरेल इतका रस काढून बाटल्यांत भरायचा, हा त्यांच्याकडचा रिवाज. आपल्याकडं उन्हाळ्यात पापड-कुरडया घालतात, तसाच. आदल्या आठवड्यात बिअरच्या रिकाम्या बाटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या असायच्या. अंगणात एक पिंप, त्याखाली गॅसची शेगडी. टोमॅटो उकळायचे, हँडलच्या यंत्रातून पिळायचे. साल एकीकडं, रस एकीकडं. मग बाटलीत रस आणि बेसिलचं एक पान. ते पान इंदूने पहिल्यांदा हुंगलं आणि म्हणाली, "ही आपल्या तुळशीची लांबची बहीण दिसते." तिला ते उकळत्या रसात टाकवेना. दोनातोची बायको कार्मेला टाकायची, आणि इंदू दर वेळी दुसरीकडं बघायची.

बाटल्या पिंपात रचायच्या, मध्ये जुन्या चिंध्या, म्हणजे उकळताना एकमेकींवर आपटायच्या नाहीत. वरून वाफ, खालून गॅसची फुरफुर, भिंतीवर लाल शिंतोडे, आणि सगळीकडं गांधीलमाशा. पाऊस आला तर ताडपत्री ओढायची. तिच्यावर थेंब वाजत राहायचे आणि खाली आम्ही लाल हातांचे. हात चुरचुरायचे. नखांतली लाली पुढं कितीतरी दिवस जायची नाही. किचनमधली इंग्रज सुपरवायझर बाई विचारायची, "कुणाचा खून केलात काय?"

हे सगळं चालू असताना दोनातो गोष्टी सांगायचा.

त्या गोष्टी त्याच्या नव्हत्या. त्याच्या आजीच्या होत्या, आणि तिच्याही नव्हत्या. त्यांच्या डोंगरात शेंगा सोलताना, मक्याचे दाणे काढताना सांगायच्या, इतक्या जुन्या की पहिल्यांदा कुणी सांगितल्या ते कुणालाच ठाऊक नाही. त्यांत भूत नाही, राक्षस नाही, की समुद्रापलीकडची राजकन्याही नाही. न्यायाधीश असतो, गिरणीवाला असतो, खादाड पाद्री असतो, शहाणी बायको असते. सगळे एकमेकांचे शेजारी. आणि सगळे एकमेकांना फसवत असतात.

एक पाद्री म्हणे विहिरीत पडला. अंग एवढं अवजड की वर निघेना. पण दिवस रविवारचा, लोक जमलेले, म्हणून त्याने खालूनच प्रवचन सुरू केलं. पाणी गार, दात वाजत होते, त्यामुळं प्रवचन लवकर आटोपलं. लोकांना ते इतकं आवडलं की पुढच्या रविवारी सगळं गाव विहिरीपाशी जमून त्याची वाट बघत उभं. दोनातो ही गोष्ट सांगताना दात वाजवून दाखवायचा. त्याचं इंग्रजी मोडकं, इंदूचं त्याहून मोडकं. पण दोन मोडक्या इंग्रजींचं एकमेकांत चांगलं जमायचं. तो एक शब्द टाकायचा, हात हलवायचा, आणि उरलेलं ती आपल्या मनाने भरून घ्यायची.

इंदूचं हसू आधी खांद्यात यायचं. खांदे हलायला लागायचे, मग ती पदर तोंडाला लावायची, मग डोळ्यांतून पाणी, आणि आवाज सगळ्यात शेवटी. तो आवाज मी लग्न झालं तेव्हा ऐकला होता. मग आम्ही इकडं आलो, मी रात्रपाळीला, ती दिवसा शिवणाच्या कारखान्यात, एकाच बिछान्यात आळीपाळीने झोपायचो. त्या दिवसांत तो आवाज कधी बंद झाला ते मला कळलं नाही. आणि एक दिवस समोरच्या अंगणातून तो ऐकू आला.

आता तुम्ही म्हणाल, तात्यांना हसवता येत नसेल. तसं नाही. मराठी मंडळात मला सगळे तात्या म्हणायचे. गणपतीला आणि कोजागरीला सगळी डॉक्टर मंडळी जमली की, "तात्या, एखादी नक्कल होऊन जाऊ द्या," असं म्हणायचीच. मी उभा राहिलो की हॉल शांत व्हायचा आणि मग हॉल हसायचा. मी कुणाची नक्कल केली तर तो माणूस महिनाभर तोंड लपवून फिरायचा, इतकी ती हुबेहूब असायची. फक्त इंदू तिथं नसायची. माझं सुरू झालं की ती पुऱ्या तळायला आत जायची. मला वाटायचं, किती कामसू बाई.

दोनातोच्या गोष्टीला मात्र तिने कधी पुऱ्या तळल्या नाहीत.

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. पातेलं घासताना डोकं रिकामंच असतं. माझ्या नकलेत ज्याची नक्कल व्हायची तो घरी जायचा, आणि आम्ही हसत मागं राहायचो. दोनातोच्या गोष्टीत फसलेला माणूस कुठंच जात नाही. पाद्री विहिरीतून निघतो आणि त्याला कुणीतरी कांद्याचं गरम सूप देतं. गिरणीवाल्याची अब्रू जाते, आणि संध्याकाळी तो त्याच लोकांत बसून ऑलिव्ह खातो. त्या गोष्टी कुणालाच सोडत नाहीत, पण कुणाला जेवल्याशिवाय घालवतही नाहीत. हे मला दिसत होतं. दिसलं म्हणून हेवा कमी झाला असं नाही. उलट वाढला.

त्यांच्यात एक रिवाज होता. अंगणात एक गवताच्या बैठकीची खुर्ची असायची. जो गोष्ट सांगेल त्याने त्या खुर्चीत बसायचं आणि कामाला हात लावायचा नाही. बाकीच्यांनी त्याचं काम करायचं. पहिल्या वर्षी आम्हाला बोलावलं तेव्हा दोनातोने त्या खुर्चीवर थाप मारली. "शंकर, माय फ्रेंड, यू सिट."

मी म्हटलं, "मी कामाला आलोय." आणि यंत्राचं हँडल हातात घेतलं.

आमच्या गावात दुसऱ्याच्या खळ्यावर गेलं की कुणी बसत नाही. लोक राबत असताना खुर्चीत बसणारा एक तर सावकार, नाही तर आजारी. मी दोन्ही नव्हतो. दुसऱ्या वर्षी दोनातोने परत थाप मारली, मी परत हँडल धरलं. मला वाटलं, माझ्या कष्टाचा मान राहिला. तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९८६ ला, त्याने थाप मारलीच नाही.

मला ते लागलं. पण बोलायचं कसं? मी हँडल फिरवत राहिलो. त्या दिवशी दोनातोने बकरीची गोष्ट सांगितली.

एक नवरा होता, फार संशयी. बायको कुठं जाते, कुणाशी हसते, याच्या काळजीने त्याला झोप येत नव्हती. त्याने तिच्या पायात घंटी बांधली. घंटी वाजली की त्याला कळायचं, ही विहिरीवर, ही अंगणात. बायको शहाणी. तिने घंटी सोडून बकरीच्या पायात बांधली आणि आपण बहिणीकडं जत्रेला गेली. बकरी डोंगर चढली. नवरा घंटीच्या मागं. दाट धुकं. तो ओरडतोय, थांब म्हणतोय, घंटी पुढंच जातेय. शेवटी बकरी एका झुडपापाशी चरायला थांबली. नवरा धापा टाकत धुक्यातच बसला आणि म्हणाला, माझं चुकलं. मी तुला फार छळलं. बकरी ऐकत होती. त्याने मनातलं सगळं सांगून टाकलं, अगदी लहानपणापासूनचं. आणि शेवटी म्हणाला, "तू इतक्या शांतपणे माझं कधीच ऐकलं नव्हतंस."

कार्मेला हसली, मदतीला आलेल्या तिच्या जावा हसल्या, सुनीता हसली. ती तेव्हा कॉलेजात होती. इंदू तर पिंपाला धरून खालीच बसली. आवाज पार गल्लीत गेला. मी हँडल इतक्या जोरात फिरवलं की रस माझ्याच शर्टावर उडाला.

"बाबा, तुम्ही का नाही हसत?" सुनीताने विचारलं.

"बकरीला काय कळतंय," मी म्हटलं. त्यावर सगळे परत हसले, आणि मला समजेना की हे मी हसवलं की माझ्यावर हसले.

दुपारी भाकरीच्या आकाराचा त्यांचा पाव आणि चीज खायला बसलो. तेव्हा कार्मेला माझ्याजवळ आली. बाई मायाळू. मला जास्तीचा तुकडा वाढला आणि हळूच म्हणाली, "शंकर, डोंट वरी. खुर्चीत बसायला आम्ही आता तुला नाही म्हणत. काही काही माणसांकडं गोष्ट नसते. इट इज नॉट अ शेम."

मला आधी कळेना. मग कळलं. त्यांच्यात खुर्ची नाकारायची म्हणजे माझ्याकडं सांगायला काही नाही, असं कबूल करायचं. तीन वर्षं मी हँडल फिरवून माझा मान राखत होतो, आणि तीन वर्षं त्यांना माझी कीव येत होती. मी. मराठी मंडळातला तात्या. उठून त्या खुर्चीत बसावं आणि एकेकाची नक्कल करून दाखवावी, असं हातापायाला वाटत होतं. पण आता बसलो असतो तर गरज दिसली असती. नाही बसलो.

पाव संपला. सगळे परत कामाला लागले, आणि मी मान वर केली तर खुर्चीत इंदू.

तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती आपली पदर खोचून बसली होती, हात मांडीवर मोकळे. मी तिला मोकळ्या हातांनी बसलेली कधी पाहिली होती ते आठवेना. दोनातोने गॅस बारीक केला.

"वन किंग," इंदू म्हणाली. "ही हॅव बस."

एक राजा होता, त्याची एक बस होती. राजा म्हणून त्याने कुणाला रस्ता विचारायचा नाही, असा नियम. राजा नवीन महालात राहायला आला होता, आणि त्या गावातले सगळे महाल सारखेच, लाल विटांचे. हिवाळ्यात सकाळी आठपर्यंत अंधार. बसच्या काचांवर वाफ. राजाला पाट्या वाचता येत नव्हत्या आणि विचारायचं तर नव्हतं. त्यामुळं रोज त्याचा महाल मागं जायचा आणि राजा बसमध्येच. शेवटच्या स्टॉपला बस रिकामी व्हायची, तेव्हा राजा उतरायचा, इकडंतिकडं मालकासारखं बघायचा, आणि पावसातून चालत परत यायचा. राणीच्या भाकरी वाळून जायच्या. राजा म्हणायचा, "आज जरा प्रजेचं बरंवाईट बघून आलो." राणी काही बोलायची नाही. ती राजाचे बूट बघायची. शेवटच्या स्टॉपपाशी नवी घरं बांधत होते, आणि तसली पिवळी माती सगळ्या गावात फक्त तिथं होती. राणी ती माती रोज काढायची, बूट हिटरजवळ ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी बूट परत पिवळे.

हसू हळूहळू चढत गेलं. इंदूने राजाचं चालणंही करून दाखवलं, बसल्या जागी, नुसत्या खांद्यांनी. दोनातो डोळे पुसत होता. सुनीताने माझ्याकडं एकदा बघितलं आणि पटकन मान फिरवली. माझ्या हातातलं हँडल थांबलं होतं.

राजाचा तो हिवाळा म्हणजे आमचा त्या घरातला पहिला हिवाळा होता. मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, ते कुणाला माहीतच नाही.

"अँड क्वीन?" दोनातोने विचारलं. "राणीने काय केलं?"

इंदू खुर्चीतून उठली. "दॅट इज टुमॉरो." उद्या अजून पेट्या होत्याच.

सगळे कुरकुरले. ती हसत हसत बाटल्यांकडं गेली, आणि मला त्या क्षणी जो हेवा वाटला तसा आधी दोनातोचाही वाटला नव्हता. राजाला हसले म्हणून नाही. हसू देत. माझ्या घरातली गोष्ट, माझ्याच बुटांवरची माती, वीस वर्षं तिने जपून ठेवली, आणि पहिल्यांदा ऐकली ती कार्मेलाने. मी ती इतर सगळ्यांबरोबर ऐकली, हँडलपाशी उभा राहून. आणि काय सांगत होती ती. माझ्याहून चांगलं. मंडळातला एकही माणूस हे जाणत नव्हता, कारण मी उभा राहिलो की ती आत असायची.

आजही इल्फर्डला तिच्या मैत्रिणी येतात, गुजराती, पंजाबी, आणि ती सुरू होते. मी टीव्हीचा आवाज बारीक करतो. बातम्या बघतोय असं दाखवतो. शेवट ऐकू येत नाही, कारण शेवटी त्या सगळ्या एकदम हसतात.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही गल्ली ओलांडून घरी आलो. गल्ली ती केवढी, चार पावलांची. मी मध्येच थांबलो.

"तुला ठाऊक होतं?"

"अहो, माती कोण काढत होतं?"

"मग मला बोलली का नाहीस?"

"राजाला कोण बोलणार?" ती म्हणाली. तिने दार ढकललं, दिवा लावला, हात धुतले. पाणी गुलाबी झालं. "आणि तुम्ही कधी बसलात का माझ्यासमोर रिकाम्या हातांनी? गिरणीतून आलात की झोप. मंडळात गेलात की तुमचंच."

मला एक आठवत होतं. त्या हिवाळ्यानंतर, वसंतात कधीतरी, बसचा कंडक्टर माझा स्टॉप आला की मला हाक मारायला लागला होता. "युवर स्टॉप, सर." रोज. सगळ्या बससमोर. मी तो माझा मान समजलो होतो. रुबाबात उतरायचो. गिरणीतल्या लोकांनाही सांगितलं होतं, कंडक्टर मला ओळखतो म्हणून. इंदूला तेव्हा इंग्रजीचे दहा शब्दही येत नव्हते. ती त्या बस स्टॉपवर थंडीत उभी राहून त्या माणसाला काय म्हणाली असेल, कसं म्हणाली असेल, हात कसे हलवले असतील, ते मला कळेना. ती हे केल्याशिवाय राहिली असेल असंही वाटेना.

"राणीने काय केलं?" एवढं विचारायला मला तीन शब्दांपलीकडं काही लागलं नसतं. पण त्या संध्याकाळी ते तोंडातून निघालं नाही. इंदू म्हणाली, "उद्या तिथं सांगणारच आहे. ऐका तिथं." आणि ती जिना चढून वर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या आधी उठलो. चहा मी टाकला, आलं जरा जास्तच पडलं. समोरच्या अंगणात दोनातो पिंप सरकवत होता, त्याचा आवाज येत होता. मी मागच्या दाराला आतून कडी घातली. इंदू खाली आली, कडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी तिच्यापुढं कप ठेवला, माझा कप तसाच ओट्यावर राहू दिला, तिच्यासमोरच्या खुर्चीत बसलो, हात टेबलावर मोकळे ठेवले, आणि म्हटलं, "तिकडं सांगायच्या आधी मला सांग."